पूर्वीही बदलायचंच की!

हवामानबदलावर चार शिकलेली माणसं बोलायला बसली की दहा मिनिटांच्या आत कुणीतरी ते वाक्य टाकतंच. "अरे, हवामान पूर्वीही बदलायचंच की! हिमयुगं आली आणि गेली. तेव्हा काय गाड्या होत्या?" वाक्य टाकणारा खुर्चीत मागे रेलतो, बाकीचे माना डोलावतात आणि विषय फ्लॅटच्या भावांकडे नाहीतर अप्रेझलकडे वळतो. हापिसच्या कँटीनमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरची ती तृप्तीसुद्धा आता पाठ झाली आहे.

गंमत अशी की वाक्य शंभर टक्के खरं आहे. हवामान पूर्वीही बदलायचं. माझं भांडण वाक्याशी नाहीच, ते आहे त्यानंतरच्या मागे रेलण्याशी. कारण हिमयुगात हवामान कसं बदलायचं हे ज्याने थोडं जरी वाचलंय, तो हे वाक्य उच्चारताना खुर्चीच्या कडेवर येऊन बसेल.

तर मंडळी, आज त्या "कसं"बद्दल.

हिमयुग म्हटलं की आपल्या डोक्यात शाळेतलं चित्र असतं. पृथ्वीची कक्षा हजारो वर्षांत थोडी बदलते, आस थोडी कलते, ऊन कमी-जास्त होतं, बर्फ हळूहळू वाढतो, हळूहळू वितळतो. चित्र खोटं नाही, मोठा ताल तोच आहे. शेवटच्या हिमयुगाचा कळस सुमारे २१,००० वर्षांपूर्वीचा. कॅनडावर तेव्हा तीन-तीन किलोमीटर जाडीची हिमचादर होती, आणि इतकं पाणी जमिनीवर अडकून पडल्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. आपलं बॉम्बे हाय मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत, सुमारे ७५ मीटर पाण्यात आहे. तेव्हा तिथे कोरडी जमीन असणार. चालत जाता आलं असतं.

पण या संथ तालाच्या वर एक वेगळंच वाद्य वाजत होतं, आणि ते आपल्याला शाळेत कुणी ऐकवलं नाही. १९८९ ते १९९३ या काळात ग्रीनलंडच्या हिमचादरीच्या माथ्यावर दोन भोकं पाडली गेली. एक युरोपीय (ग्रिप), एक अमेरिकन (गिस्प-टू). दोन्हींत अंतर साधारण ३० किलोमीटर, खोली प्रत्येकी तीन किलोमीटरच्या वर. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच प्रश्नाचं दोन स्वतंत्र टीमनी केलेलं इम्प्लिमेंटेशन. दर वर्षी पडलेल्या बर्फाचा थरावर थर, आणि थरांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून कळणारं त्या-त्या वेळचं तापमान. दोन्ही गाभ्यांनी गेल्या लाखभर वर्षांबद्दल एकच गोष्ट सांगितली: शेवटच्या हिमयुगात साधारण २५ वेळा ग्रीनलंडचं तापमान काही दशकांच्या आत ८ ते १६ अंशांनी वर उडी मारून गेलं, आणि मग पुन्हा घसरत खाली आलं. विली डान्सगार्ड आणि हान्स ओश्गर या दोघांच्या नावाने त्या उड्या ओळखल्या जातात.

त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध प्रकरण अगदी शेवटचं. हिमयुग संपत आलेलं, सगळं मस्त उबदार होऊ लागलेलं, आणि सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी थंडी परत आली. तब्बल १,२०० वर्षं मुक्काम ठोकला. या काळाला 'यंगर ड्रायस' म्हणतात. ड्रायस हे थंड प्रदेशातलं आठ पाकळ्यांचं एक पांढरं फूल. त्याची पानं स्कँडिनेव्हियातल्या जुन्या चिखलात जिथे नसायला हवीत तिथे सापडली, म्हणून हे नाव. मग ११,७०० वर्षांपूर्वी हा काळ संपला तोही असाच धाडकन. ग्रीनलंड काही दशकांत साधारण १० अंशांनी तापलं, आणि तिथे बर्फ पडण्याचं प्रमाण तर मोजक्या वर्षांत दुप्पट झालं. मोजक्या वर्षांत! इथे आपली होमलोनं वीस-वीस वर्षांची असतात.

आता प्रश्न असा की कक्षा-बिक्षा हजारो वर्षांत बदलतात, मग दहा-वीस वर्षांत उडी मारायला लावणारं असं काय होतं? उत्तराचा मोठा भाग समुद्रात आहे. अटलांटिकमध्ये वरच्या थरातलं कोमट, खारट पाणी उत्तरेला जातं. ग्रीनलंड-आइसलंडच्या आसपास हवेला आपली उष्णता देऊन ते गार होतं. गार आणि खारट म्हणजे जड. म्हणून ते दोन-तीन किलोमीटर खोल बुडतं आणि तळाकडून दक्षिणेला परत निघतं. या चक्राला शास्त्रज्ञ 'एएमओसी' म्हणतात, मी नुसतं 'चक्र' म्हणतो. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी ओततात, त्याच्या दसपटीहून जास्त पाणी हे एकटं चक्र फिरवतं. आणि त्याबरोबर विषुववृत्ताच्या दक्षिणेकडची उष्णता उत्तरेला आणून टाकतं.

या यंत्राचा कळीचा पार्ट म्हणजे मीठ. बुडण्याच्या जागी वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी आलं की पाणी हलकं होतं. कितीही गार केलं तरी ते बुडत नाही, वर झाकणासारखं पसरून राहतं. बुडणं कमी झालं की चक्र मंदावतं. चक्र मंदावलं की दक्षिणेकडून येणारं खारट पाणी कमी होतं. ते कमी झालं की उत्तरेचं पाणी आणखी गोडं होतं. पुढचं तुम्हीच ओळखा.

हेन्री स्टॉमेल नावाच्या माणसाने १९६१ मध्येच हे गणितात मांडलं होतं. (हा माणूस पीएचडी नव्हता. साध्या पदवीवर त्याने विसाव्या शतकातलं समुद्रशास्त्र घडवलं. एम.एस. करू की नको म्हणून वर्षानुवर्षं झुरणाऱ्या आमच्या मित्रांसाठी ही माहिती :-) ) त्याचं मॉडेल म्हणजे अक्षरशः दोन डबे. एक उष्ण कटिबंधाचा, एक ध्रुवाकडचा, मध्ये दोन नळ्या. बस. एका शनिवारी मी ते पायथनमध्ये लिहिलं. चाळीसेक ओळी झाल्या असतील, त्यातल्या निम्म्या आलेख काढायच्या. पण त्या आलेखाने मला जे शिकवलं ते दहा माहितीपटांनी शिकवलं नव्हतं, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

मॉडेलमध्ये एक काल्पनिक नळ असतो, ध्रुवाकडच्या डब्यात गोडं पाणी सोडणारा. नळ बंद असताना प्रवाह १ धरा. नळ ०.१० पर्यंत उघडला, प्रवाह ०.८९. ०.२० पर्यंत उघडला, ०.७२. ०.२४ ला ०.६०. इथपर्यंत सगळं सभ्य आहे. कुणीही मॅनेजर हा आलेख बघून म्हणेल, "ट्रेंड थोडा खाली आहे, पण अंडर कंट्रोल." ०.२५ ला प्रवाह बरोबर निम्मा होतो. आणि ०.२६ ला तो कोसळतो. ०.४९ वगैरे होत नाही. थेट थांबतो आणि मंदपणे उलट्या दिशेने वाहू लागतो.

घाबरून नळ मागे फिरवा. ०.२५, ०.२४, ०.२०, ०.१०. काही होत नाही. प्रवाह उलटाच. नळ पूर्ण शून्यावर आणला तरी तो थांबलेलाच राहतो, वर थोडं गोडं पाणी काढून घ्यावं लागतं, तेव्हा कुठे मूळ प्रवाह परत येतो. ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्स केलंय त्यांना श्मिट ट्रिगर आठवेल: वर जाण्याचा उंबरठा वेगळा, खाली येण्याचा वेगळा, आणि मधल्या जागेत तुम्ही कुठे आहात हे आत्ताच्या इनपुटवरून कळत नाही, आधी कुठून आलात त्यावरून कळतं.

खरा समुद्र अर्थातच दोन डब्यांचा नाही. खऱ्या समुद्रात वारा आहे, भोवरे आहेत, समुद्री बर्फ आहे, आणि हिमयुगात चक्र मंदावल्यावर ते पुन्हा सावरलंही आहे. पण "पूर्वीही बदलायचंच" म्हणणाऱ्यांच्या डोक्यात नकळत जे गृहीतक असतं, की थोडं ढकललं तर थोडं हलेल, जास्त ढकललं तर जास्त हलेल आणि हात काढला की जागेवर येईल, ते ग्रीनलंडच्या बर्फात दिसत नाही. तिथे दिसतात त्या उड्या.

आता वितळलेल्या पाण्याचा खरा हिशेब बघू, कारण इथे गोष्ट रंगतदार होते आणि लोकप्रिय आवृत्ती तोंडावर पडते.

कॅनडावरची हिमचादर मागे हटताना तिच्या दक्षिणेच्या कडेला वितळलेलं पाणी साठून एक अवाढव्य तळं झालं होतं. आजची अमेरिकेतली पाचही 'ग्रेट लेक्स' एकत्र केली तरी त्यांच्याहून मोठं. हिमयुगाची कल्पना जगाच्या गळी उतरवणाऱ्या लुई अगासीच्या नावावरून त्याला 'लेक अगासी' म्हणतात. सुमारे ८,२०० ते ८,५०० वर्षांपूर्वी त्याचा बर्फाचा बांध फुटला आणि सगळं पाणी हडसनच्या उपसागरातून अटलांटिकमध्ये गेलं. एका अंदाजाप्रमाणे १ लाख ६३ हजार घन किलोमीटर. आपल्याला पाणी टीएमसीत कळतं, म्हणून सांगतो: १०५ टीएमसीचं कोयना धरण म्हणजे साधारण ३ घन किलोमीटर. म्हणजे जवळजवळ ५५ हजार कोयना धरणं. त्यानंतर ग्रीनलंड साधारण ३ अंशांनी गारठलं आणि हा गारठा सुमारे १६० वर्षं टिकला. नुसतं तळं पुरलं की हडसनवरच्या बर्फाच्या कोसळण्याचाही हात होता, यावर वाद आहे. पण कारण पाणीच, यावर फारसा नाही.

आता दुसरं उदाहरण घ्या. सुमारे १४,६०० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी साडेतीनशे वर्षांच्या आत १४ ते १८ मीटर वाढली. ताहितीच्या प्रवाळांवरून हा आकडा काढलाय. १६ मीटर धरले तर ते सुमारे ५८ लाख घन किलोमीटर पाणी होतं. अगासीच्या पस्तीस पट! मग पृथ्वी गोठायला हवी होती ना? पण ग्रीनलंड त्याच सुमारास उबदार होतं. यंगर ड्रायस उगवायला अजून दीडेक हजार वर्षं होती.

ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सगळ्यात मोलाची वाटते. पस्तीस पट पाणी आणि तो झटका नाही. कारण किती पाणी आलं एवढंच विचारून भागत नाही. कुठे आलं, किती वेगाने आलं, आणि त्या वेळी चक्र कोणत्या अवस्थेत होतं हेही विचारावं लागतं. या ५८ लाखांतलं किती अंटार्क्टिकाहून आलं आणि किती उत्तर अमेरिकेहून, यावर अजून भांडण चालू आहे, आणि ते भांडण नेमकं "कुठे"वरचं आहे.

यंगर ड्रायसचंही तेच. कोलंबिया विद्यापीठाच्या वॉलेस ब्रोकरने १९८० च्या दशकात मांडलेली गोष्ट सुटसुटीत होती: बर्फ हटला, अगासीच्या पाण्याला पूर्वेचा रस्ता मिळाला, ते सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यातून अटलांटिकमध्ये गेलं, चक्र बसलं. पुस्तकांत छापून आली, आवडली. मग लोक पुराच्या खुणा शोधायला गेले आणि पूर्वेला त्या मनासारख्या मिळेनात. २०१० मध्ये त्या उत्तरेला, मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळच्या दगडगोट्यांत मिळाल्या. २०१२ मध्ये एका बारीक जाळीच्या संगणकीय मॉडेलने दाखवलं की सेंट लॉरेन्समधून निघालेलं पाणी किनाऱ्याला चिकटून दक्षिणेला जातं, बुडण्याच्या जागेपर्यंत फारसं पोचतच नाही. आर्क्टिकमधून आलेलं मात्र थेट तिथे पोचतं. २०१८ मध्ये ब्यूफर्ट समुद्राच्या गाळातही त्या वेळच्या गोड्या पाण्याची खूण सापडली. पूर्वेच्या रस्त्याचे समर्थक अजून आहेत, त्यांच्याकडेही पुरावे आहेत.

इथे आपला खुर्चीवाला मित्र टाळी मागणार. "बघ! शास्त्रज्ञांचंच एकमत नाही." अरे बाबा, रात्री तीन वाजता प्रॉडक्शन सर्व्हर पडला. सकाळी कारण शोधायच्या मीटिंगमध्ये दोन टीम भांडतायत की कॉन्फिगरेशनमधला हा बदल कारणीभूत की तो. त्यावरून सर्व्हर पडलाच नव्हता, असा निष्कर्ष तू काढशील का? किंवा तो पुन्हा पडणार नाही असा?

आणखी एक गाठ आहे, तीही झाकून ठेवत नाही. १९८८ मध्ये हार्टमुट हाइनरिशने अटलांटिकच्या तळाच्या गाळात खडीचे थर दाखवले. भर समुद्रात, किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरवर खडी! ती पोहत जाणार नव्हती. हिमनगांच्या पोटात अडकून गेली आणि हिमनग वितळले तिथे खाली पडली. म्हणजे कॅनडाची हिमचादर मधूनमधून हिमनगांचे तांडेच्या तांडे समुद्रात लोटत होती. बर्म्युडाजवळच्या गाळावर २००४ मध्ये आलेला अभ्यास सांगतो की साधारण १७,५०० वर्षांपूर्वीच्या अशा एका प्रसंगी चक्र जवळजवळ बंद पडलं होतं. पण २०१५ च्या एका अभ्यासाने क्रम तपासला तेव्हा दिसलं की बऱ्याच वेळा थंडी आधी सुरू झाली आणि हिमनग नंतर आले. लॉगमध्ये अलर्ट आधी आणि तथाकथित कारण नंतर. म्हणजे दर वेळी पाण्यानेच पहिला धक्का दिला असं नाही. कधी ते आधीच खाली येऊ लागलेल्या चक्राच्या छातीवर बसलं. "पूर आला, थंडी पडली" ही बालवाडीची आवृत्ती झाली. खऱ्यात बर्फ, समुद्र आणि हवा एकमेकांना ढकलत होते. हे कळल्यावर कुणाला हायसं कसं वाटतं, हे मला समजत नाही.

धूमकेतूवाल्यांना एकच परिच्छेद देतो. २००७ पासून एक गट म्हणतो की यंगर ड्रायस धूमकेतू आदळून सुरू झालं, आणि २०२२ च्या त्या नेटफ्लिक्स मालिकेनंतर आमच्या निम्म्या मित्रमंडळाची खात्रीच पटली आहे. तशा पंचवीस उड्या आहेत हो. पंचवीस धूमकेतू आणणार? ग्रीनलंडच्या बर्फाखाली २०१८ मध्ये सापडलेलं विवर हा पुरावा म्हणून नाचवलं गेलं, २०२२ मध्ये त्याचं वय निघालं ५ कोटी ८० लाख वर्षं. असो.

उलट्या बाजूला सिनेमावाले आहेत. 'द डे आफ्टर टुमॉरो' (२००४) मध्ये न्यूयॉर्क काही दिवसांत गोठतं आणि माणसं वाचनालयात पुस्तकं जाळून शेकत बसतात. ज्या ब्रोकरच्या कल्पनेवर हे बेतलं त्याच्या शास्त्रात असं काही नाही. "गल्फ स्ट्रीम बंद पडणार" हा मथळाही दर दोन वर्षांनी येतो. गल्फ स्ट्रीम मुख्यतः वाऱ्याने चालते. वारे वाहतायत आणि पृथ्वी फिरतेय तोवर ती राहणार. धोक्यात आहे ते बुडणाऱ्या पाण्याचं चक्र. आणि उद्या हिमयुगही येणार नाही, त्याची तर कार्बन डायऑक्साइडने सोय करून ठेवली आहे.

पण या सिनेमाने एक मोठं नुकसान केलं. हा विषय म्हणजे गोऱ्या लोकांच्या थंडीचा विषय, असं आपल्या डोक्यात बसलं. लंडन गारठेल, ऑस्लो गोठेल, आपल्याला काय त्याचं? झालंच तर पुण्यात जरा गुलाबी थंडी पडेल. इथे मला खरंच राग येतो, कारण अज्ञानाचा सगळ्यात महाग भाग हाच आहे.

मेघालयात चेरापुंजीजवळ मॉमलूची गुहा आहे. छतातून ठिबकणाऱ्या पाण्याने तिथे चुन्याचे खांब वाढतात, आणि प्रत्येक थरात त्या वेळच्या पावसाची रासायनिक सही राहते. २०१५ मध्ये या गुहेतल्या खांबावरून ३३,८०० वर्षांपूर्वीपासूनच्या मान्सूनची नोंद प्रसिद्ध झाली. हिमनगांच्या तांड्यांच्या काळात मान्सून दुबळा. यंगर ड्रायसमध्ये मान्सून दुबळा. उत्तर अटलांटिकमध्ये बर्फ वितळतोय आणि चेरापुंजीचा पाऊस घटतोय!

आपल्या अरबी समुद्राची साक्ष त्याहून जुनी. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले की समुद्राच्या पश्चिम आणि उत्तर भागात खालचं सकस पाणी वर येतं, सूक्ष्मजीव माजतात, मरून तळाला जाताना वाटेतला प्राणवायू संपवतात. मग तळाशी किडे जगत नाहीत, आणि काळ्या चिखलाचे पातळ थर कुणी न उकरता तसेच राहतात. वारे दुबळे झाले की चिखल फिकट होतो आणि किड्यांनी उकरलेला असतो. १९९८ मध्ये पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोरच्या गाळाचे असे गाभे ग्रीनलंडच्या बर्फाशेजारी ठेवले गेले. १,१०,००० वर्षांचे. ग्रीनलंडमध्ये थंडी, इथे फिकट चिखल. ग्रीनलंडमध्ये ऊब, इथे काळा. उडीला उडी जुळत जाते.

कारण समजायला अवघड नाही. चक्र उत्तरेला उष्णता आणायचं थांबलं की उत्तर गोलार्ध गार पडतो, दक्षिण गोलार्धात उष्णता साठते (त्या काळात अंटार्क्टिका खरोखरच तापत होतं), आणि उष्णकटिबंधातला पावसाचा पट्टा जिकडे ऊब तिकडे, म्हणजे दक्षिणेला सरकतो. आपला मान्सून त्या पट्ट्याचंच उत्तरेला आलेलं टोक. हाइनरिशच्या त्या १७,००० वर्षांपूर्वीच्या प्रसंगाच्या सुमारास आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर आटलं होतं.

"पण माणूस तगलाच की!" हे पुढचं वाक्य. तगला. तेव्हा माणसं मोजकी होती, शेती नव्हती, सात-बारा नव्हता. पाऊस गेला की माणसं उठून दुसरीकडे जात. शेती सुरू झाली ती या उड्या थांबल्यावर, गेल्या ११,७०० वर्षांच्या बऱ्यापैकी शांत काळात. महाराष्ट्रातली बहुतांश शेती अजूनही पावसावर आहे. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. दोन वर्षं! यंगर ड्रायस १,२०० वर्षांचं होतं. अगासीवालं छोटं प्रकरणसुद्धा १६० वर्षांचं.

बरं, आज काय चालू आहे? उपग्रहांच्या २००२ पासूनच्या मोजणीनुसार ग्रीनलंड सरासरी वर्षाला सुमारे २७० अब्ज टन बर्फ गमावतंय. म्हणजे दर वर्षी ९० कोयना. हिमयुगातल्या त्या मोठ्या लोंढ्याच्या साठाव्या हिश्श्याइतकं. तेव्हा "उद्याच कोसळणार" म्हणणाऱ्यांनीही जरा दमाने घ्यावं. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात चक्र मंदावण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि २१०० पूर्वी ते अचानक कोसळणार नाही असं मानायला मध्यम खात्री आहे. 'मध्यम खात्री' हा त्यांचा अधिकृत शब्दप्रयोग. मध्यम खात्रीच्या ब्रेकची गाडी तुम्ही घ्याल का? २०२३ चा एक अभ्यास याच शतकाच्या मध्याकडे बोट दाखवतो. २०२५ चा दुसरा म्हणतो की दक्षिण महासागरावरच्या वाऱ्यांमुळे दुबळं का होईना, चक्र चालू राहील. आणि कोसळलंच तर? त्याच आयपीसीसी अहवालात लिहिलंय: पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकेल, आशिया आणि आफ्रिकेतले मान्सून दुबळे होतील. तापत्या जगात भारताचा मोसमी पाऊस एकूण वाढेल असंच बहुतेक मॉडेलं सांगतात, हे खरं आहे. म्हणजे एक बैल इकडे ओढतोय आणि दुसरा तिकडे, आणि जोखडात आपण.

आणि ते "कुठे" आठवतंय ना? ५८ लाख घन किलोमीटरांना जमलं नाही ते अगासीच्या थोड्या पाण्याला जमलं. ग्रीनलंडच्या दोन्ही अंगांना लॅब्राडोर आणि इर्मिंगर हे समुद्र आहेत. पाणी बुडतं ते त्यांत आणि आइसलंडच्या उत्तरेच्या समुद्रात. त्या ९० कोयना दर वर्षी तिथेच रिकाम्या होतायत. चक्र थेट मोजणारी उपकरणांची पहिली कायमची रांग अटलांटिकमध्ये २६.५ अंश उत्तरेला २००४ मध्ये बसली. म्हणजे आपल्याकडे लॉग आहे जेमतेम वीस-बावीस वर्षांचा. त्यात दिसणारी घट म्हणजे खरा कल की नुसता चढउतार, यावर लोक भांडतायत, आणि नळ ०.१० वर आहे की ०.२४ वर, हे त्या लॉगमध्ये लिहिलेलं नाही.